हिवाळ्याची बेगमी: आईच्या ऑक्सिजनच्या व्यवस्थेच्या प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर: उद्दिष्ट

वीज गेली, रस्ते बंद झाले आणि कोणीही घरापर्यंत पोहोचू शकले नाही, तरी आईचा ऑक्सिजन खंडित होता कामा नये, एवढेच या प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोलगतच्या ॲम्हर्स्टमध्ये राहतो. २०२२ च्या नाताळात येथे जे हिमवादळ झाले, त्यात विमानतळावर पाच दिवसांत ५० इंचांहून अधिक बर्फ पडला, मदतीला निघालेल्या गाड्याच रस्त्यात अडकल्या आणि ईरी काउंटीत ४० हून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी काही जण केवळ रुग्णवाहिका वेळेत पोहोचू न शकल्यामुळे गेले. त्या वेळी आई गावी होती आणि तिला ऑक्सिजन लागत नव्हता. आता ती आमच्याकडे आहे आणि दिवसरात्र मिनिटाला २ लिटर ऑक्सिजनवर आहे. वेळ आली की बघू, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

आईला सीओपीडी आहे, म्हणजे फुप्फुसांतले वायुमार्ग कायमचे अरुंद करणारा आजार. तिने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी पावसाळ्यात झड लागली की आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नसे, लाकडे कितीही बेगमी करून माळ्यावर रचली तरी ओल धरत, आणि चूल पेटण्याआधी घर धुराने भरून जाई. त्या धुरात वाकून ती फुंकणीने चूल फुंकत असे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली लॅन्सेटमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीविषयी लिहिले, त्यात लाकूड, शेणी आणि पालापाचोळ्याच्या धुराला जगभरातील एक मोठे कारण मानले आहे. आईच्या पिढीतील किती बायकांना "तुला दमा आहे" एवढे सांगून परत पाठवले गेले असेल, याचा विचार मनातून जात नाही.

४ ऑक्टोबर: यंत्र

आईला ऑक्सिजन पुरवणारे यंत्र म्हणजे कॉन्सन्ट्रेटर. तो ऑक्सिजन तयार करत नाही, हवेतून वेगळा काढतो. आपल्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्रातील कॉम्प्रेसर ही हवा दाबून झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या खड्यांनी भरलेल्या नळकांड्यातून पाठवतो. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जातो. एक नळकांडे भरत आले की हवा दुसऱ्याकडे वळते आणि पहिल्यातील दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकला जातो. यंत्रातून दर काही सेकंदांनी जो फुस्स असा आवाज येतो, तो या दाब सुटण्याचा आहे. नळीतून ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन मिळतो.

आमच्या कामाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की या यंत्रात साठा काहीच नसतो. वीज गेली की काही क्षणांत प्रवाह थांबतो. आमचे ५ लिटर क्षमतेचे यंत्र चालू असताना साधारण ३१० वॅट वीज घेते, हे प्लगला लावलेल्या मीटरवर पाहून घेतले आहे.

यंत्र आईच्या खोलीबाहेर, भिंतीपासून फूटभर पुढे ठेवले आहे, म्हणजे त्याला हवा खेळती मिळते आणि रात्री त्याचा आवाज तिच्या उशाशी येत नाही. तेथून ५० फुटांची हिरवी नळी स्नानगृहापर्यंत आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोहोचते. नळी पायात येऊ नये म्हणून ती नेहमी भिंतीच्या कडेने फिरवायची, हे घरात सर्वांना सांगितले आहे. बाहेरची जाळी दर रविवारी धुवायची आहे.

१६ ऑक्टोबर: आग

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात कापूस, केस आणि कपडे भराभर पेटतात. कॅन्युलामधून, म्हणजे नाकात बसवलेल्या नळीच्या टोकांतून, सुटणारा ऑक्सिजन पदरात, उशीत आणि पांघरुणात साठून राहतो. म्हणून गॅसची शेगडी काढून इंडक्शन बसवले. नाक कोरडे पडते म्हणून आई व्हॅसलीन लावत असे, तेही बंद केले. तेलकट पदार्थ ऑक्सिजनबरोबर नको, त्याऐवजी पाण्यात विरघळणारी जेल आणली.

सर्वांत अवघड प्रश्न देवघराचा होता. दिवाळी तोंडावर आली आहे आणि आईच्या हिशोबी बॅटरीवरचा दिवा हा दिवा नव्हे. तिला दुखवून सुरक्षितता आणायची नव्हती. म्हणून देवघर तिच्या खोलीतून काढून घराच्या दुसऱ्या टोकाला, जेवणाच्या खोलीत हलवले. निरांजन मी लावते, आई दहा फुटांहून लांब खुर्चीवर बसून हात जोडते, आणि आरती झाली की वात विझवूनच मी तिच्या जवळ जाते. उदबत्ती मात्र पूर्ण बंद, कारण तो धूरच आहे. हे तिने माझ्याआधीच मान्य केले होते: "धूर नको गं बाई आता. लई खाल्लाय."

१ नोव्हेंबर: वीज गेल्यावरचे तास

येथून पुढचा सगळा हिशोब तासांचा आहे.

जनरेटरचा विचार केला आणि सोडला. तो घरापासून किमान २० फूट लांब, उघड्यावर चालवावा लागतो, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हिमवादळात तेवढ्या लांब कोणी जायचे, आणि कोणी गॅरेजमध्ये चालवला तर ज्या फुप्फुसांसाठी हे सगळे चालले आहे, तीच पहिल्यांदा जातील. त्याऐवजी २,००० वॅट-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. तिच्या इन्व्हर्टरमधून शुद्ध साइन लहर, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर येते हे पाहूनच ती घेतली, कारण कॉम्प्रेसरच्या मोटारीला ओबडधोबड लहर चालत नाही. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वजा जाता या बॅटरीवर यंत्र साडेपाच तास चालावे.

त्यानंतर सिलिंडर. ई आकाराच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे ६८० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर या दराने तो ५ तास ४० मिनिटे पुरेल, पण तो अगदी रिकामा होईपर्यंत थांबायचे नसते, म्हणून कागदावर ५ तासच लिहिले आहेत. पुरवठादाराकडून सहा सिलिंडर मागवून स्टँडमध्ये उभे ठेवले आहेत. बॅटरी आणि सिलिंडर मिळून पस्तीस तासांची बेगमी झाली. वीज कंपनीच्या जीवरक्षक उपकरणांच्या यादीत डॉक्टरांच्या पत्रासह आईचे नाव नोंदवले आहे, परंतु त्या यादीत असल्याने वीज लवकर येईल असे कोणी सांगत नाही, म्हणून त्या यादीच्या भरवशावर एकही तास मी हिशोबात धरलेला नाही.

१५ नोव्हेंबर: फर्नेसच्या नळ्या

घर गरम ठेवणारी आमची गॅसची फर्नेस नव्या पद्धतीची आहे. तिला धुरांडे नाही. हवा आत घेणारी आणि जळालेला वायू बाहेर टाकणारी अशा दोन पांढऱ्या पीव्हीसी नळ्या घराच्या उत्तरेच्या भिंतीतून, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर बाहेर निघतात. वाऱ्याने तेथे बर्फाचा ढीग चढला आणि नळ्यांची तोंडे बुजली, तर बहुतेक वेळा फर्नेस आपोआप बंद पडते. पण तसे न झाल्यास कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. आणि येथे बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरवर विसंबता येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनऐवजी कार्बन मोनॉक्साइड चिकटला, तरी बोटावरचे साधे यंत्र त्याला ऑक्सिजनच समजते आणि उत्तम आकडा दाखवत राहते. म्हणून प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, आणि बर्फ पडला की चहाच्या आधी नळ्या मोकळ्या करायच्या असा नियम केला.

३० नोव्हेंबर: सराव

मुख्य स्विच मुद्दाम बंद करून सराव केला. क्रम असा ठरला: यंत्राचा अलार्म वाजताच आधी कॅन्युला सिलिंडरला जोडायची, प्रवाह २ वर लावायचा, आईचा श्वास स्थिर झाल्याचे पाहायचे आणि मगच यंत्र बॅटरीला जोडायचे. यंत्राला सुरू झाल्यावर शुद्धता गाठायला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात ती सिलिंडरवर असते.

घाबरून प्रवाह वाढवायचा नाही, हे मी कागदावर लाल शाईने लिहिले आहे. डॉक्टरांनी आईसाठी ऑक्सिमीटरवरच्या आकड्याची ८८ ते ९२ टक्के ही मर्यादा ठरवून दिली आहे. सीओपीडीच्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन दिला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, गुंगी येते आणि श्वास आणखी मंदावतो. जास्त दिले म्हणजे जास्त काळजी घेतली, ही आपली जेवायला वाढण्याची रीत येथे घातक ठरते.

१३ जानेवारी, सकाळ: भोगी

पहाटे जाग आली ती शांततेमुळे. काल दिवसभर नैऋत्येचा वारा होता, आणि तसा वारा असला की ईरी सरोवराच्या लांबीवरून येणारी थंड हवा त्याच्या मानाने उबदार पाण्यावरची वाफ उचलून बर्फाचा अरुंद पट्टा थेट आमच्याकडे आणते. या पट्ट्यात असाल तर तासाला दोन-तीन इंच, आणि दहा मैल बाजूला असाल तर चांदणे. सरोवर उथळ असल्याने ते गोठते लवकर आणि मग हा कारखाना मंदावतो, पण यंदा ते अजून गोठलेले नाही. मध्यरात्रीनंतर केव्हातरी वारा पडला. ताज्या भुसभुशीत बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या आवाज शोषून घेतात. त्यामुळे एरवी ऐकू येणारा हमरस्ता नव्हता, बर्फ काढणारी गाडी नव्हती, शेजारचा कुत्राही नव्हता. घरात फक्त यंत्राची घरघर आणि ठरावीक अंतराने फुस्स.

आईच्या दारात उभी राहिले. ती डाव्या कुशीवर, तीन उशांच्या उतरंडीवर झोपली होती, आणि नळीचा एक पेड तिने झोपेतच दोन बोटांत धरला होता. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेपर्यंत बर्फ चढला होता, त्यामुळे खोलीत निळसर उजेड होता आणि त्या उजेडात ओठांचा रंग कळत नव्हता. म्हणून दिवा लावून पाहिले. रंग ठीक होता. छातीकडे पाहत मिनिटभर श्वास मोजले, २० भरले. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९०. वहीत लिहिले. तिने डोळे न उघडता विचारले, "पडलाय का गं?" मी म्हटले, "पडलाय, आणि थांबलाय." ती म्हणाली, "मग आता शेंगा सोल."

भोगीची भाजी करायची होती. पण आधी नळ्या. पुढचे दार उघडेना, म्हणून गॅरेजमधून बाहेर पडले. उत्तरेच्या भिंतीशी बर्फ कमरेएवढा होता. हवा बाहेर टाकणाऱ्या नळीच्या उबेने तिच्या तोंडाशी वाटीएवढे भोक राहिले होते, आणि त्याच्या कडा वितळून पुन्हा गोठल्यामुळे काचेसारख्या झाल्या होत्या. आत घेणारी नळी मात्र पूर्ण बुजली होती. फावड्याने पीव्हीसी तडकू नये म्हणून जवळचा बर्फ हातानेच काढला आणि तीन फूट मोकळी जागा केली.

परत येऊन हातमोजे काढत असतानाच दिवे गेले. यंत्राचा अलार्म वाजला आणि घरघर थांबली. रात्रीच्या वाऱ्याने वाकलेली कुठलीतरी फांदी तारांवर आली असावी.

ठरलेल्या क्रमाने सगळे केले. यजमानांनी सिलिंडर आणला, किल्लीने झडप उघडली, दाबाचा काटा २,००० च्या जवळ, म्हणजे सिलिंडर भरलेला होता. मी कॅन्युला जोडली आणि पाण्याच्या पेल्यात तिची टोके बुडवून बुडबुडे पाहिले. तेवढ्या वेळात आई पलंगाच्या कडेला बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, नाकाने दोन अंक श्वास घेतला आणि ओठांचा चंबू करून चार अंकांपर्यंत सावकाश सोडला. फुप्फुसांच्या रुग्णांसाठीच्या पुनर्वसन केंद्रातल्या थेरपिस्टने हा प्रकार तिला शिकवायला घेतला, तेव्हा तिला शिकवावे लागलेच नव्हते. ओठ तसेच, गालांची ठेवण तशीच. आयुष्यभर फुंकणीवर हेच केलेले. फक्त पुढे चूल नाही. तेव्हा हा श्वास तिने घरच्या अन्नासाठी खर्च केला आणि आता तोच तिच्या आकसणाऱ्या वायुमार्गांना थोडा वेळ उघडे ठेवतो. मला तिच्याकडे पाहत राहण्याइतका वेळ नव्हता, तरी मी पाहिले.

पाच मिनिटांनी यंत्र बॅटरीवर सुरू झाले. आकडा ८७ वर गेला होता, तो ८९ वर आला.

१३ जानेवारी, दुपार

वीज सुमारे तीन तासांनी आली. तेव्हा बॅटरीत ४६ टक्के शिल्लक होते, म्हणजे नोव्हेंबरमधील हिशोब प्रत्यक्षात खरा उतरला.

हिशोबाबाहेरची एक गोष्ट लक्षात आली, ती थंडीची. फर्नेस गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा विजेवर आहे, त्यामुळे वीज जाताच ऊबही जाते. आम्ही सगळे आईच्या खोलीत गोळा झालो, दाराखाली टॉवेल लावला आणि तिच्या अंगावर तिनेच शिवलेली गोधडी घातली. तरीही बोटे गार पडली आणि ऑक्सिमीटर कधी ८१ तर कधी नुसत्या रेघा दाखवू लागला. श्वासाची गती, ओठांचा रंग आणि बोलताना दम लागतो की नाही हे पाहून ती बरी असल्याचे कळत होते. तिचा हात मी माझ्या दोन्ही तळव्यांत धरून चोळला, ऊब आल्यावर पुन्हा मोजले, तर ९०. गार बोटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणी प्रवाह वाढवला असता, तर ते चुकीचे औषध झाले असते. सरावाच्या पायऱ्यांच्या तक्त्यात ओळ वाढवली: आधी हात गरम, मग आकडा.

त्या तीन तासांत आई फारशी बोलली नाही, कारण बोलण्याला श्वास लागतो. मुलांना तिने वालाच्या आणि मटारच्या शेंगा सोलायला बसवले आणि गाजरे केवढी चिरायची ते बोटाने दाखवले. मधूनच खिडकीकडे पाहून म्हणाली, "झड लागली की गावाकडंबी असंच. बाहेर जायचं नाय, आत काय हाय त्याच्यात भागवायचं."

वीज आल्यावर बाजरीच्या भाकरी केल्या. इंडक्शनवर भाकरी विस्तवावर शेकता येत नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागते. वरून तीळ लावले. आई स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीवर बसून सांगत होती, "पाणी लाव. उलट. दाब आता." तिने अर्धी भाकरी खाल्ली. पोट गच्च भरले की छातीच्या पडद्याला जागा उरत नाही, म्हणून उरलेली अर्धी चार वाजता दिली.

१७ जानेवारी

शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या स्नो ब्लोअरने आमचा ड्राइव्हवे न सांगता साफ केला. त्यांना घरी बोलावून सिलिंडर आणि बॅटरी कोठे आहेत ते दाखवले, आणि सर्व पायऱ्यांचा इंग्रजी तक्ता त्यांच्याकडे दिला. आमच्या दोघांपैकी कोणी घरी नसताना वीज गेली, तर पायी पोहोचू शकेल असा माणूस तोच आहे.

फर्नेसच्या नळ्यांना वर वळवणारे तुकडे जोडून त्यांची तोंडे कमरेच्या वर नेण्याचे काम तंत्रज्ञाला सांगितले आहे. खोलीसाठी विजेवर न चालणाऱ्या उबेचा मार्ग शोधला, पण केरोसीनचा किंवा गॅसचा हीटर म्हणजे पुन्हा ज्योत आणि पुन्हा धूर, म्हणून तो नाकारला. रबरी पिशव्या आणि थर्मासमधले गरम पाणी यांवरच भर द्यायचा आहे. वादळाचा इशारा आला की थर्मास भरून ठेवायचे.

८ फेब्रुवारी

आईने मागणी केली की तक्ता तिलाही हवा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. मी म्हटले, तुला काय गरज, आम्ही आहोत. ती म्हणाली, "तुमी हाय म्हनून मी नुसती बघत बसू व्हय?" तिचे म्हणणे बरोबर आहे. रात्री आमची झोप लागलेली असताना अलार्म वाजला, तर सिलिंडरच्या सर्वांत जवळ तीच असते.

तक्ता लिहून तिच्या पलंगाशेजारी लावला आणि एक सिलिंडर तिच्या हाताशी आणून ठेवला. आज तिने स्वतः कॅन्युला बदलून जोडली, काटा वाचला आणि प्रवाह २ वर आणला. मध्ये एकदा थांबून दोन लांब श्वास सोडले आणि पुन्हा सुरुवात केली. अडले ते फक्त झडपेच्या किल्लीशी. ती चपटी आणि लहान आहे, आणि संधिवाताच्या बोटांत ती नीट धरता येत नाही. पुरवठादाराकडे लांब दांड्याची किल्ली मिळते. ती मागवली आहे, गुरुवारी येईल. तोवर आहे त्याच किल्लीला सुती पट्टी गुंडाळून तिची मूठ जाड केली आहे.